सावड, गुत्तं आणि दोन फोनमधलं अंतर

अश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर गाड्यांपेक्षा माणसं जास्त असतात. सुमारे ४५ किलोमीटरची ही वाट सोलापूरकडचे आणि कर्नाटकातले भाविक पायी तुडवत येतात. गावात शिरल्यावर चुकामूक झालेले दोघे भाऊ मंदिराच्या महाद्वारापाशी एकमेकांपासून वीस पावलांवर उभे असू शकतात, आणि तरीही एकाचा फोन दुसऱ्याला लागत नाही. स्क्रीनवर काड्या मात्र पूर्ण. अडचण रेंजची नसतेच. टॉवरशी बोलणं सुरू करण्याआधी प्रत्येक फोनला एक हाक द्यावी लागते. त्या हाकेसाठी वेळेचे मोजकेच तुकडे राखून ठेवलेले असतात, आणि हजारो फोन त्याच तुकड्यांत एकदम ओरडले की कुणाचंच ऐकू जात नाही. ज्याची हाक पोचते त्याचाही निरोप टॉवरवर चढतो, तिथून कंपनीच्या यंत्रणेत कुठल्या कुठे जाऊन येतो आणि त्याच टॉवरवरून वीस पावलांवर उतरतो.

फोनला फोनशी थेट बोलता येत नाही असं नाही. ब्लूटूथ आहे, वायफाय डायरेक्ट आहे. मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेने २०१५ मध्ये पक्क्या केलेल्या ‘रिलीज १२’ मध्ये टॉवरला वगळून जवळच्या फोनशी संपर्क साधण्याची तरतूदही केली. तीही मुख्यतः पोलीस, अग्निशमन अशा आपत्कालीन दलांसाठी. दहा वर्षं उलटली. तुमच्या-आमच्या खिशातल्या फोनपर्यंत ती आली नाही.

का आली नाही, याचं एक ठरावीक उत्तर शोधनिबंधांत सापडतं: माणूस स्वार्थी आहे. अ चा निरोप क पर्यंत जायचा तर मधल्या ब ने आपली बॅटरी जाळून तो पुढे ढकलायला हवा, आणि ब तसं का करेल? या ‘का’साठी गेम थिअरी, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं गणित, बोलावली जाते. माझं म्हणणं असं, की या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात भलत्यालाच उभं केलं आहे. गणित बरोबर आहे; खेळाडू चुकले आहेत.

आधी गणित. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांचा या विषयातला पाया घालणारा ग्रंथ १९४४ चा, आणि जॉन नॅशची समतोलाची कल्पना १९५० ची. ब ला निरोप पुढे ढकलायला एक रुपयाची बॅटरी लागते आणि क ला त्यातून दहा रुपयांचा लाभ होतो असं धरा. ब आणि क पुन्हा कधीच भेटणार नसतील, तर ब ने फोन बंद ठेवणं हेच ब च्या फायद्याचं. सगळ्यांनी असाच शहाणपणा केला की सगळ्यांचेच निरोप अडकतात. पण दोघांची गाठ पुन्हा पुन्हा पडणार असेल आणि पाळी उलटणार असेल, तर हिशेब बदलतो. पुढची भेट होण्याची शक्यता खर्च भागिले लाभ या आकड्याहून कमी नसेल, तर मदत करणं स्वार्थालाही परवडतं. इथे तो आकडा एक दशांश. दहात एकदा जरी पुन्हा गाठ पडणार असेल, तरी भागतं. रॉबर्ट ॲक्सेलरॉडने संगणकावर भरवलेल्या स्पर्धांत ‘जशास तसे’ ही साधीसुधी चाल जिंकली, त्यामागे हेच होतं.

धाराशिवच्या शेतकऱ्याला हे समजवायला नॅश लागत नाही. सावड म्हणजे हेच. आज तुझ्या रानात खुरपणी, परवा माझ्या. एकाचा एक बैल आणि दुसऱ्याचा एक, मिळून औत. सावडीचा हिशेब वहीत नसतो, पण तो प्रत्येकाच्या तोंडपाठ असतो, आणि ज्याने दोनदा पाळी चुकवली त्याच्या बांधावर तिसऱ्यांदा कुणी फिरकत नाही. फोनच्या जाळ्यातला चुकार ओळखण्यासाठी २००० साली ‘वॉचडॉग’ नावाची पद्धत सुचवली गेली. शेजारचा फोन आपलं पॅकेट, म्हणजे निरोपाचा तुकडा, खरंच पुढे पाठवतो का, हे तीत कान देऊन ऐकायचं. खेड्यात तो कान सगळ्यांनाच असतो.

दुसरा उपाय पैशाचा. स्वित्झर्लंडमधल्या बुत्त्यान आणि युबो या संशोधकांनी ‘नग्लेट’ हे आभासी नाणं कल्पिलं: दुसऱ्याचं पॅकेट ढकललं की नाणं मिळेल, स्वतःचं पाठवायला नाणं मोजावं लागेल. आमच्याकडच्या शब्दांत हे गुत्तं. सोयाबीनची काढणी आता बहुतेक ठिकाणी अशीच होते. एकरी दर ठरतो, टोळी येते, काढून जाते. कुणी कुणाचं देणं लागत नाही.

इथे गावाकडच्या जुन्या चालीरीतींचे गोडवे गाऊन ‘सावड चांगली, गुत्तं वाईट’ असा निकाल देणं फार सोपं आहे. सोयाबीनच्या बाबतीत तो खोटा ठरेल. सावड मोडली ती माणसं बिघडली म्हणून नव्हे. सोयाबीन सगळ्यांचं एकाच आठवड्यात वाळतं, वर परतीच्या पावसाची टांगती तलवार. माझी निकड आणि तुझी निकड एकाच दिवशी आली की पाळी लावायची कशी? देवाणघेवाण टिकते ती गरजा आलटूनपालटून येतात तेव्हा. मला वाटतं, थेट फोन-संपर्कावरच्या चर्चेत हा मुद्दा पुरेसा येत नाही. कारण ज्या प्रसंगासाठी आपल्याला हे जाळं हवं आहे तो प्रसंग म्हणजे संकट, आणि संकटाची व्याख्याच अशी की सगळ्यांची गरज एकदम येते. वीज गेलेली असते, म्हणून प्रत्येकाची बॅटरी महाग. एक रुपयाचा खर्च पाच रुपयांचा होतो. पुढच्या भेटीचा भरवसा, जो एरवी गावाला गाव बनवतो, तो त्या रात्री कमी पडतो.

मग गुत्तं? ते तर आणखी लंगडं. नाण्यांचा हिशेब ठेवायला मध्यवर्ती बँक लागते किंवा प्रत्येक फोनात कुणालाही फोडता येणार नाही अशी चिप. टॉवर पडलेला असताना बँक कुठून आणणार? आणि पैसा आला की भावना बदलते, याचा एक नामांकित दाखला आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला. संकोच होता तिथे दर आला. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, पण नाणी वाटू पाहणाऱ्या अभियंत्यांपर्यंत तो पोचलेला दिसत नाही.

सावडही पुरत नाही आणि गुत्तंही, अशा जागी नेटवर्क कोडिंग उपयोगी पडतं. रुडॉल्फ आल्स्वेडे, निंग काय, रॉबर्ट ली आणि रेमंड युंग या चौघांनी २००० साली एक निबंध लिहिला. तोवर समजूत अशी होती की जाळ्यातल्या मधल्या ठिकाणाचं काम फक्त आलेलं पॅकेट पुढे देण्याचं. चौघांनी दाखवलं की मधल्याने पॅकेटं एकमेकांत मिसळली, तर एकच गोष्ट अनेकांना पाठवताना जाळ्याची पूर्ण क्षमता वापरता येते, आणि नुसतं पुढे देऊन ती दर वेळी हाती लागत नाही.

मिसळणं म्हणजे काय, ते छोट्या उदाहरणाने पाहू. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या एका फोनला सास्तूरच्या फोनशी बोलायचं आहे, मध्ये तिसरा फोन. लोहाऱ्याचा निरोप १०११, सास्तूरचा ०११०. साध्या रीतीने चार वेळा रेडिओ वाजवावा लागतो: दोन निरोप मधल्याकडे येणार, दोन पुढे जाणार. त्याऐवजी मधला फोन दोन्ही निरोप अंकागणिक ताडून पाहतो, जिथे अंक वेगळे तिथे १ आणि जिथे सारखे तिथे ० लिहितो, आणि ११०१ एवढंच एकदा हवेत सोडतो. लोहाऱ्याकडे स्वतःचा १०११ आहेच. तो पुन्हा ताडला की ०११० निघतो. सास्तूरलाही तसंच. चाराऐवजी तीन प्रक्षेपणं, म्हणजे पाव बॅटरी आणि पाव हवा वाचली. २००६ मध्ये एमआयटीत दीना कताबी यांच्या गटाने हे वीस नोडच्या खऱ्याखुऱ्या वायरलेस जाळ्यावर करून दाखवलं. निबंधाचे पहिले लेखक सचिन कट्टी हे मुंबईच्या आयआयटीतून शिकून गेलेले. गर्दी आणि वाहतुकीच्या प्रकारानुसार फायदा काही टक्क्यांपासून कित्येक पटींपर्यंत बदलतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

पण बचत ही या तंत्राची किरकोळ कमाई. मोठी गोष्ट पुढे आहे. समजा, एक मोठा निरोप (गावाचा नकाशा, बेपत्ता माणसांची यादी) वीस तुकड्यांत कापला. साध्या पद्धतीत वीसही तुकडे हवेत. एकोणिसावा ज्याच्याकडे आहे त्याने फोन बंद केला की सगळं थांबलं. यादृच्छिक मिसळणीत प्रत्येक मधला फोन हाताशी असलेले तुकडे मनाला येतील त्या प्रमाणात मिसळून पुढे देतो, आणि ते प्रमाण सोबत लिहितो. घेणाऱ्याला कुठलीही वीस वेगवेगळी मिश्रणं मिळाली की शाळेतली एकसामयिक समीकरणं सोडवावीत तसे मूळ तुकडे निघतात. प्रमाणं २५६ अंकांच्या संचातून काढली, तर वीस मिश्रणं पुरेशी वेगळी निघण्याची शक्यता हजारात सुमारे ९९६. एक-दोन जास्तीची आली की चिंताच नको.

आता हे गेम थिअरीच्या नजरेने पाहा. कुणाचाच तुकडा अनमोल राहिला नाही. कुणी अडून बसला, झोपला, बॅटरी वाचवून फोन बंद केला, तरी दुसऱ्या कुणाचं मिश्रण चालतं. चुकाराला शोधा, त्याचं नाव यादीत टाका, त्याला शिक्षा करा, ही सारी यंत्रणा ज्या भीतीपोटी उभारली ती भीतीच विरळ होते. कोडिंगकडे वेग वाढवण्याचं साधन म्हणून पाहिलं गेलं. माझ्या मते त्याची खरी किंमत एकाच्या नकाराचं वजन कमी करण्यात आहे. आणि गंमत अशी की जिथे सावड सगळ्यात दुबळी, तिथेच हे सगळ्यात बळकट. तुळजापूरच्या गर्दीत कुणी कुणाला पुन्हा भेटणार नाही. पण तिथे हजारो लोकांना हवी असते ती माहिती एकच. दर्शनाची रांग कुठवर आली, वाहनतळ कुठला मोकळा, सापडलेली मुलं कुठे ठेवली आहेत. एकच गोष्ट अनेकांना, हेच तर त्या चौघांच्या प्रमेयाचं घर. उलट, सास्तूरच्या म्हातारीचा ‘मी बरी आहे’ हा निरोप पुण्यातल्या एकाच लेकापर्यंत जायचा असतो. तिथे मिसळणीला फार वाव नाही, पण चार शब्दांच्या निरोपाला खर्चही नगण्य. आणि तो पुढे ढकलणारा शेजारी तिचा शेजारीच राहणार असतो.

या तंत्राचा घातक दोष सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ते आळशाला माफ करतं, खोटारड्याला अजिबात नाही. एकाने जाणूनबुजून एक भेसळीचं मिश्रण सोडलं, की ते ज्या ज्या मिश्रणात मिसळेल ते सगळं नासतं आणि शेवटी समीकरणं सुटतात पण उत्तर कचरा येतं. साध्या पद्धतीत खोटं पॅकेट एकटंच खोटं असतं. यावर मिसळल्यानंतरही तपासता येतील अशा सह्यांची गणितं निघाली आहेत, पण ती एक प्रश्न परत माणसांवर ढकलतात: सही कुणाची मानायची?

याचं उत्तर शोधायला परदेशी जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा भारतात मोबाइल आलेला नव्हता. तो दोन वर्षांनी आला. लातूर जिल्ह्यातली आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागातली गावं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली, सुमारे दहा हजार माणसं गेली. बातमी माणसाकडून माणसाकडे सरकली. हौशी रेडिओचालकांनी आपले संच आणून संपर्क जोडायला हातभार लावला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या पुनर्वसन कार्यक्रमात घरांच्या दुरुस्तीचं काम आलं, तेव्हा सरकारी निर्णय गावात पोचत नव्हते आणि गावाच्या तक्रारी वर जात नव्हत्या. स्वयं शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने महिला मंडळांतल्या बायकांना पुढे केलं. त्यांचं पद होतं ‘संवाद सहायक’. मदतीचे हप्ते कसे मिळतात, भिंतीला भूकंपरोधक पट्टी कुठे बांधायची, सिमेंट किती लागतं, हे त्या घरोघर सांगत आणि अडलेलं अभियंत्यांना कळवत. तंत्राच्या भाषेत या बायका म्हणजे मधले फोन. त्यांनी एक निरोप एकाला एवढंच केलं नाही. दहा घरांच्या अडचणी एकत्र करून त्यांची एक मागणी वर पाठवली. खोटं बोललं तर त्याच गल्लीत उद्या तोंड दाखवायचं होतं. सही होती ती ही.

आता खेळाडूंकडे वळू. धाराशिवची माणसं फोनवरून एकमेकांना फुकट काही देत नाहीत, हे म्हणणाऱ्याने २०२० च्या आधीचा एसटी स्टँड पाहिलेला नसावा. शेअरइट आणि झेंडर या ॲपांवरून सिनेमे, गाणी, कीर्तनं, लग्नाचे व्हिडिओ टॉवरला न विचारता या फोनवरून त्या फोनवर जात होते. अनोळखी माणसालाही. बॅटरी कुणी मोजत नव्हतं. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. बंदीची कारणं वेगळी होती आणि मी त्यांवर वाद घालत नाही. पण ‘लोक सहकार्य करणार नाहीत’ या गृहीतकाला लोकांनी आधीच उत्तर दिलं होतं.

खरा अडून बसलेला खेळाडू मोबाइल कंपनी आहे. थेट संपर्काने तिच्या टॉवरवरचं ओझं हलकं होतं, पण त्या निरोपाचं बिल करता येत नाही. आणि वापरलं जातं ते तिचंच स्पेक्ट्रम, जे तिने लिलावात पैसे मोजून घेतलं. कंपन्या आपसांतही अडतात, याचा पुरावा उघड आहे. एका कंपनीचा टॉवर पडला तर तिच्या ग्राहकाने दुसरीच्या टॉवरवरून बोलावं, ही सोय तांत्रिकदृष्ट्या सोपी. तरी ती मिळते केव्हा? २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ गुजरातवर आलं आणि सरकारने सांगितलं, तेव्हा काही दिवस. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी निधीतून उभारलेल्या ग्रामीण टॉवरांवर ती कायमची झाली, तीही सरकारी पैसा होता म्हणून. कंपन्यांचा खेळ सुटला तो बाहेरून हुकूम आला म्हणून. गेम थिअरीचं पुस्तक इथे अगदी तंतोतंत लागू पडतं. फक्त त्यातला ‘स्वार्थी ब’ लोहाऱ्याचा शेतकरी नाही.

दुसरा खेळाडू सरकार, आणि त्याची अडचण मी हलकी मानत नाही. टॉवर वगळून बोलणारे फोन बंद पाडता येत नाहीत. हाँगकाँगमध्ये २०१४ च्या आंदोलनात लोकांनी फायरचॅट हे ॲप वापरलं ते याच कारणाने. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात २०२३ मध्ये मराठवाड्याच्या काही भागांत इंटरनेट बंद ठेवलं गेलं. ज्या जिल्हाधिकाऱ्याला पुराच्या रात्री हे जाळं हवंसं वाटेल, त्यालाच दंगलीच्या रात्री ते नकोसं वाटेल. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तर एकाच कलमात दोन्ही अधिकार शेजारी बसले आहेत: मदतकार्यातल्या अधिकृत लोकांचे संदेश आधी पोचवायला लावण्याचा, आणि संपर्क तोडण्याचा. या दुहेरीपणातून सुटायला मला एकच व्यवहार्य वाट दिसते. सगळ्या प्रकारच्या बोलण्याला थेट संपर्क खुला करा अशी मागणी आत्ता करू नये. सही असलेले, छोटे, मजकुराचेच निरोप एवढ्यापुरता तो प्रत्येक फोनात कारखान्यातूनच चालू ठेवून द्यावा, मालकाला बंद करण्याची मुभा ठेवून. सही तहसीलदाराची, मंदिर संस्थानाची, ग्रामपंचायतीची. आणि गावात संवाद सहायकांसारख्या ओळखीच्या बायकांची. नागरी हक्कांच्या बाजूचे मित्र म्हणतील की ही फार थोडकी मागणी आहे. आहेच.

या मागणीतला, कंपनीच्या होकाराशिवाय चालणारा एक वापर आजही शक्य आहे. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत ‘डाकनेट’ नावाच्या प्रयोगात कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर भागातल्या बसवर वायफायचं उपकरण बसवलं होतं; बस गावात थांबली की जमिनीच्या नोंदींचे अर्ज घ्यायची आणि तालुक्याला पोचवायची. सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा आणि भूम तालुक्यांतल्या वस्त्या तुटल्या, हेलिकॉप्टरने माणसं काढावी लागली. अशा दिवसांत एसटी सगळीकडे जात नाही, पण पाणी ओसरायला लागलं की सर्वांत आधी जे हलतं त्यात ती असते. बोटी, ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्याही असतात. कुठल्याही एकीने बेपत्ता माणसांची पूर्ण यादी आणायची गरज नाही. प्रत्येकीने जमतील तेवढी मिश्रणं आणायची, परंड्याला वीस जमली की यादी उघडते. आणि ती गाडी तर जाणारच असते, निरोप असो वा नसो. तिचा जास्तीचा खर्च शून्याच्या जवळ, म्हणजे खर्च भागिले लाभ हा भागाकारही शून्याच्या जवळ. पुन्हा भेट होवो न होवो, तिला नकार द्यायला कारणच उरत नाही. येत्या नवरात्रात तुळजापूरच्या स्वयंसेवकांच्या आणि होमगार्डच्या काही फोनांवर हे लावून पाहता येईल. सापडलेल्या मुलांची यादी महाद्वारापासून बसस्थानकापर्यंत जायला किती मिनिटं लागतात, आणि त्यात किती फोन मधेच बंद झाले तरी ती पोचते, हे दोन आकडे मोजायचे. त्या प्रयोगाला कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही, ब्लूटूथ पुरतं.